डार्सी कोणीही आणेल, अडचण कुठून आणणार?

इंग्लिश लेखिका जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांवरून लिहिलेल्या नव्या कादंबऱ्या मी मिळतील तशा वाचत असते, लायब्ररीतून, किंडलवर, कोणाकडून मागून आणून, आणि हल्ली त्यांचं एवढं पीक आलंय की मागच्या कव्हरवरच्या चार ओळी वाचल्या तरी कळतं यात डार्सी, म्हणजे 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चा हिरो, कोण असणार. श्रीमंत, अबोल, पहिल्या भेटीत हिरॉइनला तोडून बोलणारा आणि दोनशे पानांनंतर विरघळणारा. असा माणूस लिहिणं खरंच अवघड नाहीये. अवघड आहे ती अडचण. मूळ पुस्तकातलं प्रेम ज्या अडचणीवर उभं आहे ती आजच्या काळात कुठून आणायची, हा प्रश्न ज्या लेखिकेने मनापासून सोडवलाय तिचं पुस्तक मला आवडतं, बाकीची वाचून होतात आणि आठवड्याभरात नावंसुद्धा आठवत नाहीत.

आधी मूळची अडचण सांगते, कारण ती पैशाची आहे आणि सिनेमे बघून ती लक्षात राहत नाही, लक्षात राहतात ते गाऊन आणि नाच. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ सालचं. त्यातल्या बेनेट कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २००० पौंड, खाऊनपिऊन सुखी घर, पण इस्टेट अशी बांधून ठेवलेली की ती पुरुष वारसाकडेच जाणार आणि घरात पाच मुली. म्हणजे बाप गेला की घर कॉलिन्स नावाच्या लांबच्या नातेवाइकाचं, आणि बायको-मुलींनी कुठे जायचं ते त्यांचं त्यांनी बघायचं. हा कॉलिन्स पाचांपैकी एलिझाबेथला, म्हणजे हिरॉइनला, मागणी घालतो तो प्रसंग आपण सगळे हसत हसत वाचतो, पण त्याच भाषणात तो तिच्या तोंडावर हिशोब मांडतो, की तुझ्या वाट्याला येणार काय तर चार टक्क्यांनी गुंतवलेले १००० पौंड, आणि तेही आई गेल्यावर. म्हणजे वर्षाला ४० पौंड. डार्सीचं उत्पन्न वर्षाला १०,०००. ते ४० पौंड डोक्यात ठेवून तिचा नकार परत वाचा. वीस वर्षांची मुलगी आहे, आईचं, बहिणींचं आणि स्वतःचं डोक्यावरचं छप्पर तिच्या एका होकाराने वाचणार आहे, आणि ती नाही म्हणते! आणि तिची मैत्रीण शार्लट, २७ वर्षांची, तीन दिवसांच्या आत त्याच माणसाला हो म्हणते. ऑस्टिन शार्लटला खलनायिका करत नाही, ती फक्त दाखवते की एकाच गावातल्या दोन हुशार मुलींनी एकाच माणसाच्या मागणीवर दोन वेगळे हिशोब केले, आणि एलिझाबेथ मैत्रिणीवर नाराज झाली तरी शार्लटचा हिशोब चुकला असं पुस्तक कुठेच म्हणत नाही.

ऑस्टिनला हे ऐकून माहीत नव्हतं, तिच्यावर आलेलं होतं. २ डिसेंबर १८०२ ला हॅरिस बिग-विदर नावाच्या, ओळखीच्या आणि मोठ्या इस्टेटीच्या वारसाने तिला मागणी घातली, ती हो म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शब्द मागे घेतला. तेव्हा ती २६ वर्षांची होती. १८०५ मध्ये वडील गेले आणि मग आई आणि दोघी बहिणी भावांच्या मदतीवर या घरातून त्या घरात, १८०९ मध्ये भावाने चॉटनची कॉटेज दिली तेव्हा कुठे स्थिर झाल्या. त्या कॉटेजमध्ये बसून तिने जुनी हस्तलिखितं परत काढली. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे सगळे हक्क तिने ११० पौंडांना विकून टाकले. हे सगळं माहीत असलं की तिच्या पुस्तकातल्या प्रत्येक लग्नाच्या मागे भाड्याची, कोळशाची, मेणबत्त्यांची काळजी ऐकू यायला लागते, निदान मला तरी येते.

आता २०० वर्षांनंतरच्या लेखिकेची पंचाईत बघा. तिची हिरॉइन नोकरी करते, तिचं स्वतःचं बँक अकाउंट आहे, कॉलिन्सला नकार दिला तर तिचं काय बिघडणार आहे? काहीच नाही. मग ती आणि डार्सी पहिल्या वीस पानांत नीट बोलले तर पुस्तक संपलंच की. म्हणून कमकुवत पुस्तकांमध्ये गैरसमज ताणत बसतात, मेसेज वाचलाच नाही, फोन भलत्यानेच उचलला, एक्स गर्लफ्रेंड नेमकी तेव्हाच आली. त्यात जीव नसतो, कारण गैरसमज मिटला नाही तर कोणाचं घर जाणार नसतं.

हेलन फील्डिंगने १९९५ मध्ये लंडनच्या 'इंडिपेंडंट'मध्ये ब्रिजेट जोन्सचा कॉलम सुरू केला आणि १९९६ मध्ये त्याची कादंबरी आली, तिने ही पंचाईत फार हुशारीने सोडवली असं मला वाटतं. ब्रिजेटला पैशाची भीती नाही, तिला सतत विचारलं जाण्याची भीती आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी आईबापांच्या मित्रमंडळींकडे टर्की करीचं जेवण असतं आणि तिथे आल्या आल्या सगळ्या काकामावश्यांचा एकच प्रश्न, काय गं, तुझं कसं चाललंय, कोणी भेटला का, आणि तिथेच मार्क डार्सी तिच्या गळ्यात घालायचा प्रयत्न. हे वाचायला लंडनमध्ये राहायची गरज नाही, तिशी ओलांडून कुठल्याही लग्नाच्या हॉलमध्ये पंगतीला बसलेल्या मुलीला हे अंगावर येतं. आणि त्या डायरीच्या सुरुवातीचे आकडे, वजन किती, सिगरेटी किती, कॅलरी किती, ते मला कायम बेनेटांच्या पौंडांच्या जागी आलेले वाटतात, आधी बापाचं उत्पन्न मोजायचे, आता ही स्वतःलाच मोजतेय. आणखी एक गोष्ट तिने केलीय ती सहसा कोणी बोलत नाही. मूळ कथेत धाकटी बहीण लिडिया विकम नावाच्या लबाड अधिकाऱ्याबरोबर पळून जाते आणि डार्सी गाजावाजा न करता ते निस्तरतो, इथे पळून जाते ती ब्रिजेटची आई, साठीच्या आसपासची बाई, हुलिओ नावाच्या भामट्याबरोबर, लोकांच्या बचतीचे पैसे बुडवण्याच्या भानगडीत अडकते आणि मार्क डार्सी मागे लागून ते सोडवतो. मला हे फार आवडलं कारण १९९० च्या दशकात धाकटी मुलगी कोणाबरोबर राहायला गेली तर लंडनमध्ये काही आभाळ कोसळत नव्हतं, पण आईच संसार सोडून निघाली तर घर खरोखर हादरतं.

कर्टिस सिटनफेल्डची 'एलिजिबल' २०१६ ची, अमेरिकेतल्या सिनसिनाटीत घडते, तिथे लिझ ३८ वर्षांची मॅगझिनमध्ये लिहिणारी, डार्सी न्यूरोसर्जन. तिने अडचण आणलीय ती हॉस्पिटलच्या बिलाची, वडिलांना हार्टचा त्रास होतो आणि हेल्थ इन्शुरन्सच नाही, आता घर विकायची पाळी. अमेरिकेपुरती ही अडचण अगदी खरी आहे. पण तिची लिझ एवढी कर्तबगार आहे की ती उठून सगळं मार्गी लावायला लागते आणि मग डार्सीची गरज राहते ती फक्त रोमान्ससाठी. वाचायला मजा येते, छोटी छोटी प्रकरणं आहेत, प्रवासात संपेल. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये झाँबी घुसवलेलं २००९ चं पुस्तक सगळ्यांना माहीत आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाहीये.

मग सोनिया कमालची 'अनमॅरेजेबल', २०१९. पाकिस्तानातल्या दिलिपाबाद नावाच्या काल्पनिक गावात, साल २००० च्या आसपास. हे वाचताना पहिल्यांदा मला वाटलं की ऑस्टिनची गोष्ट उचलून आणावी लागलीच नाही, ती तिथे होतीच. अॅलिस बिनत, म्हणजे इथली एलिझाबेथ, मुलींच्या इंग्लिश मीडियम शाळेत साहित्य शिकवते, वर्गात मुलींना 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चं पहिलं वाक्य स्वतःच्या पद्धतीने लिहायला लावते, आणि त्याच वर्गातल्या काही मुली शाळा संपायच्या आत लग्न होऊन जाणार हे तिलाही माहीत आहे, मुलींनाही माहीत आहे. घर एकेकाळी श्रीमंत, वडिलांच्या सख्ख्या भावाने इस्टेट लाटली म्हणून या गावात येऊन पडलेले. भावाने इस्टेट खाल्ली एवढं म्हटलं की आपल्याला पुढे समजावून सांगावं लागत नाही, आपल्याकडे प्रत्येक दुसऱ्या घरात एक कोर्टकेस असतेच. तिथे लग्न जुळवताना मुलीचा रंग, वय, वजन, जात-बिरादरी सगळं उघड बोललं जातं, आणि म्हणून डार्सीचं पहिलं तुसडं वाक्य तिथे नुसतं खवचट राहत नाही, दहा माणसांनी ऐकलं तर त्या मुलीच्या पुढच्या स्थळांवर परिणाम होईल असं वाक्य होतं ते.

पण त्या पुस्तकातलं माझं आवडतं माणूस म्हणजे शेरी, म्हणजे शार्लट. चाळिशी ओलांडलेली, कमावती, घरच्यांना पोसणारी, शिक्षिका. ती आणि अॅलिस कब्रस्तानात बसून चोरून सिगरेट ओढतात, कारण गावात दोन बायकांना निवांत बोलायला दुसरी जागाच नाही. आणि ती त्या बिजवराला, मुलं असलेल्या कलीनला, म्हणजे कॉलिन्सला, हो म्हणते तेव्हा मूळ पुस्तकात अर्ध्या पानात उरकलेलं शार्लटचं म्हणणं इथे भरपूर ऐकायला मिळतं. मला स्वतःचं घर हवंय, मला भावा-वडिलांच्या घरात म्हातारं व्हायचं नाहीये. मी ते वाचताना अॅलिसच्या बाजूने होते आणि तरी शेरीशी भांडू शकले नसते.

आता जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ती 'लाँगबोर्न'. जो बेकर, २०१३. (इथून पुढे मी गोष्ट फोडणार आहे, वाचायची असेल तर हा आणि पुढचा पॅरा सोडा.) लाँगबोर्न म्हणजे बेनेटांचं घर. तिने नवा काळ घेतलाच नाही, तेच घर, तेच साल, फक्त ती स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरलीय. पुस्तक सुरू होतं धुण्याच्या दिवशी. पहाटे थंडीत उठून पाणी भरायचं, तापवायचं, बेनेटांच्या घरातले सगळ्यांचे कपडे, पाच मुलींचे महिन्याचे कपडेसुद्धा, सारा नावाची मोलकरीण धुते, हाताला थंडीने फोड आलेले, त्यावर साबणाचं आणि खाराचं पाणी. आणि मग हातात येतो एलिझाबेथचा पेटिकोट. तुम्हाला आठवत असेल, आजारी बहिणीला बघायला एलिझाबेथ तीन मैल चिखलातून चालत जाते, डार्सीचा मित्र बिंगली, त्याच्या बहिणी नाकं मुरडतात की पेटिकोट सहा इंच चिखलात माखलाय, आणि आपण सगळे वाचक एलिझाबेथवर तिथेच फिदा होतो, किती मोकळी मुलगी! सारा तो चिखल घासत असते आणि तिच्या मनात येतं की स्वतःचे कपडे स्वतः धुवायला लागले असते तर हिने जरा जपून पाय टाकला असता. बस्स. मी एवढ्या वेळा तो प्रसंग वाचला होता आणि तो चिखल कुठे जातो हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. असंच नेदरफिल्डच्या, म्हणजे बिंगलीच्या घरच्या, नाचाच्या आधीचं, मूळ पुस्तकात सतत पाऊस असतो म्हणून मुली बाहेर पडू शकत नाहीत आणि बुटांवर लावायची रेशमी फुलंसुद्धा दुसऱ्या कोणाकरवी मागवली असं अर्धं वाक्य आहे. ते दुसरं कोणी म्हणजे कोण? भर पावसात गावात चालत गेलेली सारा. ऑस्टिनने एका ओळीत सांगून टाकलंय की एका साध्या सैनिकाला फटके मारले, गावगप्पांच्या यादीत, कोणाचं तरी लग्न ठरतंय त्याच वाक्यात, आणि साराला ते जवळच्या मेरिटन गावात डोळ्यांनी बघावं लागतं. जो बेकरने एकही गोष्ट वरून लादलेली नाही, सगळं मूळ पुस्तकाच्या फटींमध्ये होतंच.

आणि सगळ्यात मोठी फट म्हणजे इस्टेटच. मुलगा नाही म्हणून घर जाणार, मुलगा नाही म्हणून पाच मुलींना पटापट नवरे हवेत, ही सगळ्याची मुळाची अडचण ना? तर 'लाँगबोर्न'मध्ये मुलगा आहे. जेम्स, नवीन नोकर, टेबलावर वाढतो, घोडे बघतो, आणि तो मिस्टर बेनेट आणि घर चालवणाऱ्या मिसेस हिलचा मुलगा आहे, लग्नाआधीचा, लपवून दुसरीकडे वाढवलेला. लग्नाचा नाही म्हणून वारस नाही. हे वाचल्यावर मी मूळ पुस्तकातले मिस्टर बेनेट, ते लायब्ररीत बसून सगळ्यांची थट्टा करणारे, माझे एकेकाळचे लाडके, परत पूर्वीसारखे वाचू शकत नाही. मिसेस हिल रोज त्यांना जेवण देते, कोट झटकून देते, आणि मूळ पुस्तकात तिच्या वाट्याला जेमतेम दोन-चार वाक्यं आहेत. शेवटी सारा एलिझाबेथबरोबर पेंबर्लीला, डार्सीच्या इस्टेटीवर, जाते, म्हणजे ज्या घरासाठी वाचकांच्या पिढ्या उसासे टाकत आल्या त्या घरात तिला चांगली नोकरी मिळते, आणि ती ते सोडून जेम्सच्या शोधात निघते. एलिझाबेथ तिला विचारते की एकटी बाई कुठे जाणार, काय करणार, आणि सारा म्हणते काम, काम तर मी कधीही करू शकते. आता या जागी डार्सी कुठे आठवतोय कोणाला!

या सगळ्याची थोरली बहीण म्हणावी अशी कादंबरी म्हणजे जीन ऱ्हीसची 'वाइड सारगॅसो सी', १९६६ ची. ऱ्हीस १८९० मध्ये कॅरिबियन बेटांपैकी डॉमिनिकावर जन्मलेली, १९३९ नंतर तिची कादंबरी आली नव्हती, लोकांना वाटत होतं ती गेली, आणि ७६ व्या वर्षी तिने हे पुस्तक दिलं. 'जेन एअर'मध्ये (१८४७) जेन आणि रॉचेस्टरचं लग्न चर्चमध्ये थांबतं, कारण रॉचेस्टरची पहिली बायको जिवंत आहे, माळ्यावर कोंडलेली, आणि लेखिका शार्लट ब्राँटी तिला कशी दाखवते तर हातापायांवर धावणारी, गुरगुरणारी, माणूस की जनावर कळू नये अशी. तिच्याबरोबर रॉचेस्टरला ३०,००० पौंड हुंडा मिळाला होता हेही तिथेच येतं. ऱ्हीसने त्या बाईला बालपण दिलं, जमैका दिली, गुलामी संपल्यानंतरचं मोडकळीला आलेलं मळ्याचं घर दिलं, आणि नाव दिलं, आंत्वानेत. बर्था हे नाव नवरा तिच्यावर लादतो. त्या नवऱ्याला मात्र सबंध पुस्तकात नाव नाही. एक जागा मी विसरू शकत नाही, तिला लहानपणापासून सांभाळणारी क्रिस्टोफीन म्हणते, तू श्रीमंत आहेस, उठ आणि याला सोडून चालती हो, आणि ती सांगते की माझं आता काहीच नाही, होतं ते सगळं त्याचं झालं. कायद्यानेच झालं. म्हणजे परत तीच गोष्ट, बाईच्या नावावर काय आहे आणि लग्नाने ते कुठे जातं.

आपल्या वाचकांना ही पद्धत परकी वाटू नये खरं तर. 'ययाति' (१९५९) मध्ये खांडेकरांनी देवयानी आणि शर्मिष्ठेला स्वतःच्या तोंडाने बोलू दिलं, इरावती कर्व्यांच्या 'युगान्त'मध्ये (१९६७) गांधारी-कुंती एकदम हाडामांसाच्या बायका होऊन समोर येतात, आपण या वाटेने बरेच गेलोय. पण उलटं उदाहरणही आपल्याचकडे आहे आणि मला ते इथे फार महत्त्वाचं वाटतं. महाभारतातली शकुंतला दरबारात उभी राहून दुष्यंताला खडसावते, अंगठी नाही, शाप नाही, राजाला सगळं आठवत असतं आणि तो लोक काय म्हणतील म्हणून नाकारत असतो. कालिदासाने त्यात दुर्वासाचा शाप आणला, अंगठी आणली, आणि राजा सुटला, कारण आता तो बिचारा विसरलाच होता. काव्य म्हणून ते कुठल्या कुठे पोचलं याबद्दल वाद नाही, मी 'शाकुंतल'ची भक्तच आहे. तरी नव्याने सांगणारा माणूस कोणाची सुटका करतोय हे बघायची मला आता सवय लागलीय, आणि हल्लीच्या बऱ्याच डार्सी-कादंबऱ्या तेच करतात, डार्सीच्या लहानपणीचं दुःख सांगतात, त्याच्या बाजूने डायरी लिहितात, म्हणजे तो जे तोडून बोलला ते आपल्याला समजून घ्यावं लागतं. अहो, त्याला एवढी मोठी इस्टेट दिलीय, १०,००० पौंड दिलेत, अजून किती द्यायचं!

कोणी विचारलं कुठून सुरू करू तर मी सांगेन, मूळ 'प्राइड अँड प्रेज्युडिस' हातात घेऊन पैशाच्या प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलने रेघ मारत वाचा, मग लगेच 'लाँगबोर्न', मग 'अनमॅरेजेबल'. 'सारगॅसो' त्यानंतर, आणि ती घाईत वाचू नका, पुस्तक लहान आहे पण जड आहे.

आणि मला स्वतःला जी वाचायचीय ती मिस बेट्सची कादंबरी. 'एमा'मधली (१८१५) ती बडबडी, गरीब, लग्न न झालेली बाई, म्हाताऱ्या आईला घेऊन वरच्या मजल्यावरच्या छोट्या भाड्याच्या जागेत राहणारी. एमाच्या घरून डुकराच्या मटणाचा मोठा तुकडा येतो तेव्हा हिचे आभार संपत नाहीत, गावातला जमीनदार नाइटली घरची राहिलेली शेवटची सफरचंदं पोत्याने पाठवून देतो तेव्हा ही कासावीस होते की त्याच्यासाठी काही उरलीच नाहीत. बॉक्स हिलच्या पिकनिकला एमा सगळ्यांसमोर तिचा अपमान करते, आणि पुस्तक लगेच एमाच्या पश्चात्तापाच्या मागे जातं. मला त्या संध्याकाळी मिस बेट्स घरी येऊन आईला काय सांगते ते हवंय, ती एवढं बोलते ते कशाच्या भीतीने, खाली दुकान असलेल्या त्या खोल्यांचं भाडं कसं भरते, सफरचंदं किती दिवस पुरवते, सगळं. कोणी लिहिलं असेल आणि तुम्ही वाचलं असेल तर प्लीज सांगा, मी लगेच मागवते.